सातबारा क्लिअर होता, भिंत नव्हती

"साहेब, सातबारा एकदम क्लिअर आहे." गेल्या दीड वर्षात हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता एजंटने तोंड उघडायच्या आत मीच म्हणून टाकतो.

कोलशेतच्या बाजूला एक बैठं घर बघितलं होतं. वर मंगलोरी कौलं, दारात शेवगा, मागे धुण्याचा दगड. ठाण्यात वीस वर्षं टूबीएचकेत काढलेल्या माणसाला असं काही दिसलं की त्याचं डोकं चालेनासं होतं. (बायकोचं चाललं. "नकाशा कुठाय?" हे पहिल्यांदा तिने विचारलं.)

सातबारा खरोखर चांगला होता. विकणाऱ्या काकांचं एकट्याचं नाव, भोगवटादार वर्ग 1 (म्हणजे विकायला सरकारी परवानगीची अडचण नाही), इतर हक्कात काही बोजा नाही. वकिलांनी तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या दस्तांचा शोध, काढला, तोही स्वच्छ. क्षेत्र 0.01.52, म्हणजे 152 चौरस मीटर, म्हणजे दीड गुंठा. सौदा मात्र 1782 स्क्वेअर फुटांवर चाललेला. एक गुंठा 1089 फुटांचा, दीड गुंठ्याचे होतात 1633. मग वरचे दीडशे फूट आले कुठून? एजंट म्हणाला, "जागेवर भरतंय ना? टेप लावून बघा." लावली. भरलं. आणि तिथेच मी घाबरलो.

तलाठ्याकडे (आता म्हणे ग्राम महसूल अधिकारी) जुना फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, काढला तेव्हा उलगडा झाला. मूळ जागा तीन गुंठ्यांची, 33 बाय 99. काकांचे वडील आणि चुलते यांच्यात वाटप झालं, निम्मं निम्मं. सातबारे दोन झाले, हिस्सा नंबर दोन पडले. नकाशावर मात्र त्या तीन गुंठ्यांच्या पोटात एक रेघसुद्धा नव्हती. कारण सातबारा तलाठ्याकडे, नकाशा भूमि अभिलेखकडे. फेरफाराने नावं फुटली, पण मोजणीचा अर्ज कुणी केलाच नाही. मधली भिंत वडिलांनी अंदाजाने घातली, आणि पस्तीस वर्षं तीच हद्द.

सर्च रिपोर्ट याबद्दल काही बोलत नाही. त्याला विचारलेलं असतं, जागा कुणाची. जागा कुठून कुठपर्यंत, हे त्याला कुणी विचारतच नाही. रजिस्ट्रेशन ऑफिसात मुद्रांक शुल्क भरलं की दस्त नोंदतात. चतुःसीमेत "पूर्वेस भिंत" लिहिलं असेल तर ती भिंत जागच्या जागी आहे का हे बघायला तिथून कुणी येत नाही. घरपट्टी आणि वीजबिलाबद्दल तर बोलूच नये.

पोटहिस्सा मोजणीचा, म्हणजे वाटणीची रेघ सरकारी नकाशावर आणण्याचा, अर्ज करायचा तर दोन्ही हिस्सेदारांच्या सह्या लागतात. मला वाटलं चुलतभाऊ अडून बसणार. अडले आमचे काकाच. "आमच्या आबांनी घातलेली भिंत खोटी म्हणताय तुम्ही?" यावर काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "काका, आबांनी भिंत बांधली, नकाशा नाही काढला." तीन आठवडे फोन बंद. मग त्यांच्या सुनेने समजूत काढली. पुढेमागे आपल्याच पोरांची भांडणं लागतील, असं तिने सांगितलं म्हणे.

मोजणीच्या दिवशी लगतच्या सगळ्यांना नोटिसा गेलेल्या, त्यामुळे अंगणात वीसेक माणसं आणि एक चहावाला. भूकरमापक काठीवरचं जीपीएस यंत्र घेऊन कोपरे घेत फिरले. शेवटी हद्दीवर पांढरी फक्की, म्हणजे भुकटी, टाकली. पांढरी रेघ शेवग्याच्या अलीकडून निघाली, मागे गेली आणि धुण्याच्या दगडाच्या बरोबर मधून पार झाली. भिंत तिथून साडेचार फूट पलीकडे. कुणी काही बोललं नाही. चुलतभाऊ एवढंच म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं 45 फुटांत राहतोय होय!"

मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा नकाशा, हातात आली की आधी रेघा बघा. सलग रेघ रेकॉर्डची हद्द, तुटक रेघ वहिवाटीची. आमच्या नकाशावर त्या दोन रेघांमधल्या पट्टीची किंमत आजच्या भावाने एका चांगल्या गाडीएवढी होती.

पुढचं कागदोपत्री काम झालं: आकारफोड (हिस्स्यांप्रमाणे क्षेत्र आणि आकाराची विभागणी), फेरफार, दुरुस्त नकाशा. अर्जापासून नऊ महिने. भिंत काकांनी स्वखर्चाने सरकवली, भाव 1633 फुटांवर आला, मग खरेदीखत. एजंट मधेच गळाला. जाताना म्हणाला, "इथं सगळ्यांचंच असं असतं, तुम्ही फार खोलात जाता." खरंय, सगळ्यांचं असतं. पण खरेदीआधी काकांना माझी गरज होती. खरेदीनंतर त्याच सह्यांसाठी मी त्यांच्या आणि त्यांच्या चुलतभावाच्या दारात उभा असतो, आणि दोघांपैकी कुणालाही माझं काही लागत नसतं.

फ्लॅट घेणाऱ्यांनी हसू नये. 2014 पर्यंत घोडबंदर पट्ट्यातल्या कित्येक सोसायट्यांच्या जमिनीवर खाजगी वनाची नोंद होती. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, तिथे निकाल बाजूने लागला तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. नवी मुंबईत तर प्रश्नच वेगळा. सिडकोने (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) वसवलेल्या नोडमध्ये जमीन बहुतेक भाडेपट्ट्यावर, तिथे सातबारा मागून उपयोग नाही; लीज डीड, प्लॉटचा नकाशा आणि हस्तांतरणाची परवानगी बघायची. गावठाणाला लागून स्वस्तात मिळतंय म्हणून घेणार असाल, तर जमीन गावठाणाची, सिडकोची की एमआयडीसीची (औद्योगिक महामंडळाची) हे आधी बघा. नवी मुंबईतल्या दिघ्यात 2015 साली हायकोर्टाच्या आदेशाने इमारतींवर हातोडा पडला तेव्हा आत राहणाऱ्यांकडेही करारनामे होतेच.

डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो, तेवढ्यावर लोक पन्नास लाख टाकतात. मोजणीची फी ऐकली की मात्र तोंड वाकडं.

माझ्या जुन्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट निघालंय. परवा मीटिंगमध्ये विचारलं, प्लॉटची मोजणी कधी झाली होती, 'क' प्रत कुठाय? सेक्रेटरी म्हणाले, कपाटात असेल. कपाटाची चावी खजिनदारांकडे, आणि खजिनदार मुलीकडे पुण्याला.