हर्निया दुर्बिणीनेच करायचा का?

"हर्निया दुर्बिणीनेच करा. चिरा देऊन केलेला परत येतो, आणि चिरा देणारा डॉक्टर जुनाट समजा. पैसे जमेपर्यंत थांबा." जांघेतल्या हर्नियाबद्दलचा, म्हणजे पोटाच्या कमकुवत जागेतून आतडं बाहेर येऊन होणाऱ्या फुगवट्याबद्दलचा, हा मेसेज सध्या यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत फिरतोय. आमच्या शेजारच्या काकांनी तो वाचून जिल्ह्याच्या दवाखान्यात मिळालेली तारीख सोडली. आता नागपूरला खासगीत करायचं म्हणून सोयाबीन विकायची वाट बघताहेत. मला याची फार काळजी वाटते.

"परत येतो" हे आधी घेऊ. अमेरिकेत माजी सैनिकांच्या १४ रुग्णालयांत जवळपास २,००० पुरुषांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली. निकाल २००४ साली आले. ती कमकुवत जागा झाकणारी जाळी दोन्ही गटांत बसवली होती. दोन वर्षांत दुर्बिणीच्या गटात १०.१ टक्के लोकांचा हर्निया परत आला, चिऱ्याच्या गटात ४.९ टक्के. मेसेजच्या नेमकं उलट! पण ज्या सर्जनांनी दुर्बिणीची २५० हून जास्त ऑपरेशनं केली होती, त्यांच्याकडे हेच प्रमाण बरंच खाली होतं. फरक हाताचा होता.

हा हाताचा फरक कुठे असतो? चिऱ्याच्या ऑपरेशनात जाळी जांघेतल्या हाडाच्या उंचवट्याच्या दीड-दोन सेंटीमीटर पुढे जायला हवी. काठाशीच थांबली, तर हर्निया पुन्हा तिथूनच डोकावतो. तिथल्या तीन नसा ओळखून जपाव्या लागतात, नाहीतर जांघ महिनोन्‌महिने ठणकते. दुर्बिणीत जाळी निदान १० बाय १५ सेंटीमीटरची लागते. लहान बसवली तर तीच गत. एकच पद्धत, पण दोन सर्जन हे दोन तऱ्हांनी करतात.

"जुनाट" म्हणणं तर अन्यायच आहे. दुर्बिणीला सहसा पूर्ण भूल लागते. चिरा जागेवरच्या भुलीवरही होतो, म्हणून दमेकरी म्हाताऱ्यासाठी डॉक्टर मुद्दाम तो निवडतात. दोन्ही बाजूंचा हर्निया असेल किंवा चिरा देऊन केलेला उलटला असेल, तर मात्र दुर्बीण चांगली. दुखतंही कमी, माणूस कामाला लवकर लागतो. डॉक्टरांना सरळ विचारा: तुम्ही यातलं कोणतं नेहमी करता, आणि किती केलीत?

आणि "पैसे जमेपर्यंत थांबा" हे मेसेजचं शेवटचं वाक्य सगळ्यात घातक. फुगवटा आत जाईना, कडक होऊन दुखू लागला, उलट्या झाल्या, तर आतडं अडकलेलं असू शकतं. त्याच रात्री गाडी काढून जवळच्या सर्जनकडे जा, तो कोणत्या पद्धतीने करतो हे न विचारता.