मुंबईत थंडी नसते म्हणे!

पक्याने डब्यातून डिंकाचे लाडू काढले आणि आमचा नागपूरकर सुरूच झाला, काय बे, सोळा-सतरा डिग्रीत डिंकाचे लाडू खाता, तुमची थंडी म्हणजे पंखा तीनवरून एकवर, बस. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर दर जानेवारीत हा वाद होतोच, पण यावेळी पक्या तयारीत होता. २२ जानेवारी १९६२, सांताक्रूझ, ७.४ डिग्री, बघ मोबाईलवर! त्यावर हा म्हणतो, मग लाडू पण तेव्हाचाच आहे का? सगळे फुटले, पक्या सोडून.

माझं म्हणणं असं की मुंबईची थंडी आकड्यात शोधायचीच नाही, दादरच्या भाजी मार्केटात शोधायची. पावटा, ओला हरभरा, तुरीच्या शेंगा, ती लालभडक गाजरं दिसली की थंडी आली, मग अंगात स्वेटर असो नाहीतर बनियन. भोगीची भाजी यातूनच तर होते, वर तिळाचं कूट, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी, आणि हे खायला कुडकुडावं लागत नाही. डिंक-मेथीचं मात्र नागपूरकराचं थोडं पटतं, एक लाडू ठीक, इथे दुपारी परत घाम येतो.

मग अलिबागवाला पेटला. म्हणे भाकरी घरी खा रे, थंडीत खायची ती पोपटी! मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, तोंडाशी परत पाला कोंबायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही, शेंगा आणि पाल्याच्या वाफेवरच सगळं शिजतं आणि तो भांबुर्डीचा कडवट वास चिकनला जो लागतो ना, विषय संपला. चिकन घातलं की शेंगांची चव जाते असं पक्याचं मत, यावर अर्धा तास गेला आणि कोणीच हटलं नाही.

गवती चहा आणि आलं ठेचून घातलेल्या चहाबद्दल तेवढं एकमत झालं. तेवढ्यात नागपूरकर विचारतो, पोपटी कुकरमध्ये नाही का होणार? सगळ्यांच्या कटिंगचे पैसे त्याच्याकडून वसूल केले.