सही, सर्टिफिकेट, लॅब रिपोर्ट, आणि तरीही चित्र खोटं

कलावस्तू विकत घेऊ पाहणाऱ्यांसाठी म्हणून एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा सारांश असा: चित्र अस्सल आहे की नाही हे ओळखणं आता अवघड राहिलेलं नाही. सही पाहा, मालकीचे जुने कागद मागा, शंका आलीच तर प्रयोगशाळेत पाठवा. नामांकित दालनातून घेतलं तर एवढंही करायला नको. कलाकार हयात असेल तर त्यालाच विचारा. आणि थोड्याच दिवसांत हे सगळं काम एआय काही मिनिटांत करून देईल.

यातली कुठलीच गोष्ट निरुपयोगी नाही. पण यातली कुठलीही एक हाती लागली की काम झालं, असं हा मजकूर सुचवतो, आणि बनावट चित्रं विकणाऱ्यांचा धंदा नेमक्या याच समजुतीवर चालतो. म्हणून एकेक दावा घेऊ.

दावा: सही असेल तर चित्र अस्सल

चित्रातला नक्कल करायला सगळ्यात सोपा भाग म्हणजे सही. उलट, अस्सल सहीसुद्धा काही सिद्ध करत नाही. साल्वादोर दालीनं उतारवयात हजारो कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या होत्या. त्यांवर पुढे कोणी काय छापलं याचा हिशोब लागणं अशक्य. फ्रेंच चित्रकार कोरो आपल्या शिष्यांच्या चित्रांवरही स्वतःची सही करून देत असे. दुसऱ्या टोकाला, व्हॅन गॉखचं ‘मॉन्माजूरचा सूर्यास्त’ हे चित्र 1991 मध्ये त्याच्याच नावाच्या ॲमस्टरडॅममधल्या संग्रहालयानं नाकारलं होतं. त्यावर सही नव्हती, हेही त्यामागचं एक कारण. त्याच संग्रहालयानं 2013 मध्ये ते अस्सल म्हणून जाहीर केलं, अर्थातच सहीविना. ते कसं, हे पुढे येईलच.

दावा: मालकीचे कागद असतील तर प्रश्नच मिटला

या दाव्यापाशी जरा थांबायला हवं, कारण लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथे. चित्र कलाकाराच्या हातून निघाल्यापासून आजच्या मालकापर्यंत कसं आलं, याच्या साखळीला या व्यवहारात प्रोव्हेनन्स म्हणतात. ती साखळी कागदांची असते: विक्रीच्या पावत्या, पत्रं, प्रदर्शनांचे कॅटलॉग, चित्राच्या मागे चिकटवलेली लेबलं. आणि कागद बनवायला चित्रकला यावी लागत नाही.

ब्रिटनमधल्या जॉन ड्रू आणि जॉन मायट या जोडीचं प्रकरण याचा उत्तम नमुना आहे. मायट चित्रं काढायचा, तीही चक्क घराच्या भिंतींना लावायच्या इमल्शन रंगात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या नामांकित चित्रकारांचं काम म्हणून ती खपली, कारण ड्रूनं वेगळीच युक्ती काढली होती. त्यानं लंडनच्या टेट आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या संग्रहालयांच्या अभिलेखागारांत अभ्यासक म्हणून प्रवेश मिळवला आणि जुन्या दस्तऐवजांत स्वतः बनवलेली कागदपत्रं सरकवली. टेटला तर त्यानं 20,000 पौंडांची देणगीही दिली होती. मग खरेदीदार शहानिशा करायला जाई आणि संस्थेच्या दप्तरातच त्याला ‘पुरावा’ मिळे. अशी सुमारे 200 चित्रं बाजारात गेली. 1999 मध्ये दोघांना शिक्षा झाली. माझ्या मते ड्रूनं चित्रांपेक्षा मोठं नुकसान अभिलेखागारांचं केलं. खोटं चित्र भिंतीवरून उतरवता येतं. दप्तरात मिसळलेला खोटा कागद शोधत बसावं लागतं.

जर्मनीतल्या वोल्फगांग बेल्ट्राकीनं साखळीची सुरुवातच रचली. बायकोच्या आजोबांचा म्हणून एक संग्रह त्यानं कल्पनेतून उभा केला. बायकोला जुन्या वळणाचे कपडे घालून, आजी म्हणून, त्या चित्रांसमोर बसवलं आणि जुन्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. मागच्या बाजूला प्रसिद्ध कलाविक्रेता आल्फ्रेड फ्लेख्टहाइम याच्या संग्रहाची लेबलं डकवली. फोटो, लेबल, कौटुंबिक कथा असं सगळं एकमेकांशी जुळत होतं, आणि जुळणारच, कारण ते सगळं एकाच माणसानं बनवलं होतं. म्हणून कागद आहेत का, एवढं विचारून भागत नाही. ते कागद एकमेकांशी संबंध नसलेल्या ठिकाणांहून आले आहेत का, हे पाहावं लागतं.

व्हॅन गॉखच्या त्या चित्राचं बघा. चित्राच्या मागे 180 हा आकडा होता, आणि भाऊ थिओ याच्या संग्रहाच्या जुन्या यादीत 180 क्रमांकाशी जुळणारी नोंद होती. जुलै 1888 मधल्या एका पत्रात चित्रकारानं आदल्या दिवशी रंगवलेल्या अशाच देखाव्याचं वर्णन केलं होतं. कॅनव्हासचा पोत आणि रंगद्रव्यं त्याच्या त्या काळातल्या इतर कामाशी जुळली. यादी, पत्र आणि कॅनव्हास हे तिन्ही वेगवेगळ्या दारांनी आत आले होते.

शिवाय कागद खोटे असताना वस्तू अस्सल असू शकते. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीनं 2008 मध्ये सुमारे 50 लाख डॉलरना घेतलेली नटराजाची चोळकालीन कांस्यमूर्ती शंभर टक्के अस्सल होती. कागदांप्रमाणे ती काही दशकांपूर्वीच भारताबाहेर गेलेली. पण पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटनं 1994 मध्ये तमिळनाडूतल्या श्रीपुरंदान इथल्या देवळात काढलेल्या फोटोंत तीच मूर्ती होती. 2014 मध्ये ती भारताला परत मिळाली. म्हणजे ‘खरी आहे का’ आणि ‘विकणाऱ्याची आहे का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फिरणाऱ्या मजकुरात दुसरा प्रश्न औषधालाही नाही. चोरीच्या कलावस्तूंच्या डेटाबेसमध्ये नाव नाही, एवढ्यानंही तो सुटत नाही. जमिनीतून चोरून उकरलेल्या वस्तूची चोरी नोंदवणार कोण?

दावा: प्रयोगशाळा खोटं बोलत नाही

नाही बोलत. पण आपण तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे बहुधा नसतं. टायटॅनियम व्हाइट हे रंगद्रव्य चित्रकारांच्या हाती आलं 1920 च्या आसपास. 1914 च्या म्हणवल्या जाणाऱ्या चित्रात ते सापडलं, तर चित्र तेव्हाचं नाही किंवा त्यावर नंतर कोणीतरी रंग लावला आहे. बेल्ट्राकी याच एका चुकीनं अडकला. त्यानं विकत घेतलेल्या झिंक व्हाइटच्या ट्यूबमध्ये टायटॅनियम मिसळलेलं होतं आणि ट्यूबवर तसं लिहिलेलं नव्हतं. जर्मन चित्रकार हाइनरिश काम्पेनडोंकचं म्हणून 2006 मध्ये 28 लाख युरोंहून जास्त किमतीला विकलं गेलेलं चित्र त्यामुळे उघडं पडलं. 2011 मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. पण ट्यूब शुद्ध असती तर? प्रयोगशाळेनं ‘कालविसंगत काही आढळलं नाही’ असं लिहून दिलं असतं, आणि विक्रेत्यानं ते ‘अस्सल असल्याचा अहवाल’ म्हणून मिरवलं असतं. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्रयोगशाळा ‘नाही’ ठामपणे म्हणू शकते, ‘होय’ क्वचितच. जुन्या काळातला, त्याच गावातला, तेच रंग वापरणारा दुसरा चित्रकार किंवा शिष्य रसायनांवरून वेगळा काढता येत नाही.

शिवाय चाचणी कोणती असते हे बनावट चित्रं करणाऱ्यालाही ठाऊक असतं. हान व्हान मेगरेन या डच बनावटकाराच्या वेळी जुनं तैलचित्र ओळखायला अल्कोहोल वापरत: ताजा तैलरंग विरघळतो, शतकांचा वाळलेला नाही. त्यानं सतराव्या शतकातला कॅनव्हास घेतला, रंगात बेकेलाइट या जुन्या प्लास्टिकचा घटक मिसळला आणि चित्र भट्टीत भाजलं. रंग कडक झाला, चाचणी पार पडली. 1937 मध्ये ‘एमाउसचं भोजन’ हे सतराव्या शतकातला डच चित्रकार फर्मेअर याचं अप्रतिम चित्र म्हणून अब्राहम ब्रेडियससारख्या नामवंत अभ्यासकानं गौरवलं आणि ते रॉटरडॅमच्या संग्रहालयात गेलं. 1945 मध्ये मेगरेनला अटक झाली ती नाझी नेता गोरिंग याच्याकडे फर्मेअरचं चित्र पोहोचवलं म्हणून, आणि मग सुटकेसाठी त्याला ‘ते मीच रंगवलंय’ असं पटवून द्यायला देखरेखीखाली आणखी एक चित्र काढावं लागलं.

विज्ञान स्वतःलाही दुरुस्त करतं, हे मान्य करूनच अहवाल वाचायला हवा. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयानं 1985 मध्ये घेतलेल्या ग्रीक तरुणाच्या संगमरवरी पुतळ्याबद्दल भूगर्भशास्त्रीय तपासणीतून सांगितलं गेलं की त्याच्या पृष्ठभागावरचा बदल व्हायला शतकं लागतात. पुढे असा बदल प्रयोगशाळेत घडवता येतो असं दिसलं. त्याहून बोलका पुरावा कागदांत निघाला: 1952 ची तारीख असलेल्या पत्रावर 1972 मध्ये सुरू झालेला पोस्टल कोड. संग्रहालयानं पाटीवर लिहिलं, ‘ग्रीक, सुमारे इसवी सनपूर्व 530, किंवा आधुनिक बनावट’. इतकी प्रामाणिक पाटी मी दुसरी ऐकलेली नाही. 2018 मध्ये तो पुतळा दालनातून हलवला.

दावा: मोठं नाव असलेल्या दालनातून घ्या आणि निश्चिंत राहा

न्यूयॉर्कचं नोडलर हे दालन 165 वर्षं चाललं आणि 2011 मध्ये बंद झालं. त्याआधीच्या दीड दशकात रॉथको, पोलॉक, मदरवेल या अमेरिकी चित्रकारांची म्हणून विकली गेलेली चित्रं क्वीन्समधल्या एका चिनी चित्रकारानं गॅरेजात काढलेली निघाली. एकूण व्यवहार सुमारे 8 कोटी डॉलरचा. मूळ मालकाचं नाव गुप्त, जुनी पावती नाही, प्रदर्शनाची नोंद नाही. त्याऐवजी एका खरेदीदाराला चित्र ‘पाहिलेल्या’ तज्ज्ञांची यादी दाखवण्यात आली होती. पाहिलं म्हणजे प्रमाणित केलं, असा अर्थ खरेदीदारानं स्वतःच लावला. एका चित्रावर तर पोलॉकच्या सहीत त्याचं स्पेलिंगच चुकलं होतं!

दावा: कलाकार जिवंत आहे, त्यालाच विचारा

विचारा, पण उत्तर अंतिम समजू नका. इटालियन चित्रकार जॉर्जो दे किरिको आपल्या नव्या चित्रांवर जुन्या तारखा घालायचा आणि न आवडलेली स्वतःचीच चित्रं खोटी ठरवायचा. उलट बाजूनं चित्रकार पीटर डॉइगचं: ‘हे माझं नाही’ म्हटल्याबद्दल त्याच्यावर अमेरिकेत दावा लागला, आणि ते चित्र आपण काढलं नाही हे त्याला 2016 मध्ये न्यायालयात सिद्ध करावं लागलं. चित्रावरच्या सहीत आडनाव त्याच्या आडनावाहून एका अक्षरानं वेगळं होतं. अशा खटल्यांच्या खर्चाला कंटाळून अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलच्या चित्रांची तपासणी करणारं मंडळ गुंडाळलं गेलं. तज्ज्ञ गप्प का असतात, याचं एक उत्तर इथे आहे.

दावा: एआय आता हे सोडवेल

2023 मध्ये ‘डी ब्रेसी टोंडो’ या चित्राबद्दल एका संगणकीय अभ्यासानं सांगितलं की त्यातले चेहरे राफाएलच्या चित्राशी 97 टक्के जुळतात. दुसऱ्या कंपनीच्या एआयनं सांगितलं, चित्र राफाएलचं नसण्याची शक्यता 85 टक्के. दोन्ही यंत्रांना दोष देण्यात अर्थ नाही. चेहरे सारखे असणं आणि हात एकाच चित्रकाराचा असणं, हे प्रश्नच निराळे. त्यात ज्या चित्रांवर यंत्र शिकवायचं ती अस्सल असल्याचं आधी माणसांनीच ठरवलेलं असतं, आणि तो निर्णयही बदलत राहतो. रेम्ब्राँटचं मानलं जाणारं ‘साउल आणि डेव्हिड’ 1969 मध्ये त्याच्या यादीतून वगळलं गेलं. आठ वर्षांच्या अभ्यासानंतर 2015 मध्ये हेगच्या माउरित्सहाउसनं ते पुन्हा त्याच्या नावावर जमा केलं. ते 1898 मध्ये रेम्ब्राँट म्हणून विकत घेतलं होतं ब्रेडियसनं. फर्मेअरबाबत सपशेल फसलेला तोच तो ब्रेडियस.

तेव्हा कोणी अस्सलपणाचं प्रमाणपत्र पुढे केलं, तर आधी विचारावं की ते कोणी दिलं, कशाच्या आधारावर, आणि त्याला विक्रीतून काही मिळतं का. कॅटलॉगमध्ये थेट कलाकाराचं नाव आहे की ‘च्या नावे’, ‘च्या कार्यशाळेतलं’, ‘च्या शैलीतलं’ असं काही जोडलं आहे, ते पाहावं; किंमत आणि जबाबदारी दोन्ही त्या जोडशब्दांनी बदलतात. मालकीच्या साखळीत कुठली वर्षं गायब आहेत ते लिहून काढावं. युरोपातल्या चित्रांत 1933 ते 1945 हा टप्पा रिकामा असेल तर नाझी लुटीची शक्यता तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि चित्राच्या मागच्या बाजूचे फोटो मागावेत: चौकट, खिळे, शिक्के, लेबलं, जुने क्रमांक, सगळं दिसेल असे.