मास्टर प्लॅनवाला

माझं खोडरबर सध्या बेळगावच्या शहापुरातल्या एका काकांच्या सदऱ्याच्या खिशात आहे. साधं पांढरं नव्हे, बोटांनी मळून वापरायचं करडं, खास मागवलेलं. परत मागायला गेलो तर पुन्हा कट्ट्याचा विषय निघणार, म्हणून अजून गेलेलो नाही.

रोज थोडं तरी स्केच करावं, असं सगळे सांगतात. मीही सांगतो. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात 39 माणसांना 45 मिनिटं रंग, चिकणमाती, कागद देऊन बसवलं आणि आधी-नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. 2016 साली निष्कर्ष छापून आला: सुमारे 75 टक्के लोकांचा ताण उतरला. उरलेल्या पाव लोकांचा का उतरला नसेल? माझा अंदाज असा, की त्यांच्या मागे कुणीतरी उभं होतं.

माझ्या मागे काका होते. गेल्या रविवारी सकाळी शहापूरच्या एका बोळाच्या तोंडाशी मी घडीचं स्टूल टाकून बसलो होतो. लाकडी खांबांचं जुनं घर, मंगळुरी कौलं, पुढे दगडी कट्टा आणि कट्ट्यावर पाय सोडून तांदूळ निवडणारी एक आज्जी. एवढंच काढायचं होतं.

"काय लिवून घ्यालाय ओ?"

"लिहीत नाही काका, चित्र काढतोय."

"कुणी सांगितलंय?"

कुणीच नाही, हे उत्तर आमच्याकडे चालत नाही. ज्या गावात के. बी. कुलकर्णींनी चित्रकारांच्या पिढ्या घडवल्या, जिथून रवी परांजपे निघाले, तिथे रस्त्यात बसून पेन्सिल चालवणारा माणूस एकतर परीक्षेला बसलेला असतो किंवा सरकारी.

"मास्टर प्लॅनचं न्हवं?"

बाहेरगावच्यांसाठी सांगतो. बेळगावात रस्ता रुंदीकरणाला मास्टर प्लॅन म्हणतात. घर त्यात "गेलं" म्हणतात, माणूस गेल्यासारखं. मी नाही म्हणालो. काकांनी हो असं ऐकलं आणि वाकून वहीत बघितलं.

"ह्यो माझा कट्टा न्हवं? मग एवढा पुढं का आलाय?"

"चित्रात जवळचं मोठं दिसतं, काका."

"आणि त्या समोरच्याचा?"

"तो लांब आहे, म्हणून लहान."

"म्हंजे त्यो सुटला!"

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने यथार्थदर्शनाचे, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान काढण्याचे, नियम बसवले, तेव्हा त्याला अशी हरकत कुणी घेतली नसावी. मी लुप्तबिंदू समजावू लागलो. सगळ्या रेघा लांब तिथे एका ठिपक्यात मिळतात, असं म्हणून ठिपका दाखवला. तो दुर्दैवाने नेमका समोरच्यांच्या दारात पडला होता.

"तुमी त्यांच्या ओळखीचे काय?"

"नाही हो."

"त्याचा दीड फूट जास्त हाय. मोजून बघा. आमचा आज्ज्याच्या टायमाचा, त्याचा परवाचा. फरशी बघा की ओ, फरशी!"

तेवढ्यात मोटारसायकलवाल्या एकाने पाय टेकवला. "एन्री, सर्वे एन्री?" काकांनी कन्नडमध्ये त्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती दिली. त्यानेही मान हलवून आपल्या गल्लीतलं एक घर गेल्याचं सांगितलं. 1956 पासून ज्या दोन भाषांचं इथे पटत नाही म्हणतात, त्यांचं माझ्याबद्दल अर्ध्या मिनिटात एकमत झालं.

"खोडा तेवढं," काका म्हणाले.

"चित्रातलं खोडून काय होणार?"

"मग ठेवून तरी काय होणार?"

याला उत्तर नव्हतं. मी रबर हातात घेतलं, निव्वळ वेळ काढायला. "द्या हिकडं" म्हणून त्यांनी ते घेतलं आणि स्वतःच कट्टा पाडायला घेतला. जोर चांगला होता. दोन पायऱ्या गेल्या, कट्ट्याची कड गेली, तिच्याबरोबर आज्जीचे पाय गेले. आता ती सुपासकट अधांतरी बसून तांदूळ निवडते आहे. तिसऱ्या पायरीपाशी काकांनी हिशोब करून हात थांबवला. "एवढी ऱ्हाऊ दे. चढायला पायजे."

मग चौकशी सुरू झाली. पगार किती? पगार नाही. मग फुकट? रविवारी? घरात विचारणारं कोण नाही?

याच बोळात दिवसभर लोक फोन उंच धरून शूटिंग करत फिरतात. आज्जी येते, तिचं वाळवण येतं, दारातलं कुत्रं येतं, कुणी हूं का चूं करत नाही. पेन्सिल दिसली की मात्र कागदपत्रं लागतात. चित्रकार म्हणजे सार्वजनिक नळ, ज्याला वाटेल त्याने येऊन चालू-बंद करावं! मागे उभं राहून "नाक चुकलंय" सांगणारे आहेत, "माझा भाचा याहून भारी काढतो" म्हणणारे तर प्रत्येक गल्लीत आहेत. भाचा कधी दिसलेला नाही.

पण काकांवर पूर्ण चिडताही येत नाही, हाच त्रास आहे. थोडं पुढे एक घर खरोखरच कापलेलं आहे. माजघराची निळी भिंत थेट रस्त्यावर आली आहे. देवाचा कोनाडा उघडा, त्याच्यावर तेलकट काजळी तशीच. तिथून मी जन्मभर स्कूटरने गेलो. कोनाडा दिसला तो चित्र काढायला बसलो तेव्हा. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या प्रयोगांत लोकांना नुसत्या लिहिलेल्या शब्दांपेक्षा चित्र काढलेले शब्द जास्त आठवले म्हणे. आठवणारच. मला त्या कोनाड्याची डावी कड कुठे फुटली आहे तेही आठवतं. ज्यांचं घर होतं त्यांनी मोबदल्याचं काय झालं हे सांगितलं, तेही आठवतं, पण ते इथे लिहीत नाही. सोमवारी त्यांना पुन्हा खेटे घालायचेच आहेत.

काल संध्याकाळी समोरच्या कट्टेवाल्यांचा निरोप आला. लुप्तबिंदूवाले. "त्यांचा कट्टा तुम्ही कमी काढलाय असं ऐकलं. आमच्या दारात बसून काढा, म्हंजे बरोबर येईल. स्टूल नको, खुर्ची देतो."

जाणार आहे. त्यांच्याकडे नऊ वाजेपर्यंत सावली असते. शिवाय तिथून बघितलं, की काकांचा कट्टा लहान दिसेल.