आमच्याकडे म्हणजे कुठं?

मामेभावानं, आमच्या दादानं, घरच्या ग्रुपवर लिहिलं, ‘बाबूराव पेंटरांचा १९२५ चा सावकारी पाश हा मूकपट आपण घालवला. आपल्या लोकांना जपायची अक्कलच नाही. अमेरिकेत असं होत नाही.’ ब्रॉम्स या आइस्क्रीमच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये बसून मी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा डोकं तापलं.

होत नाही? ओक्लाहोमा सिटीतल्या माझ्या घरापासून तासाभरावर बोली आहे, काळ्या लोकांनी वसवलेलं गाव. तिथं १९२१ च्या सुमारास ‘द बुल-डॉगर’ या मूकपटाचं चित्रण झालं. नायक बिल पिकेट. रोडिओतला, म्हणजे घोड्या-बैलांच्या कसरतींच्या खेळातला, खराखुरा गडी, ‘१०१ रँच’ नावाच्या गुरांच्या मोठ्या फार्मवरचा. धावत्या घोड्यावरून बैलाच्या शिंगांवर झेप घ्यायची, मान पिरगाळायची आणि ओठ दातांत धरून त्याला आडवा पाडायचं, ही त्याची कला. त्या चित्रपटाचे आता तुकडेच उरलेत. १९९४ साली पोस्टानं पिकेटचं तिकीट काढलं, त्यावर चेहरा त्याच्या भावाचा! पुन्हा छापावं लागलं.

नायट्रेटची फिल्म पेटते, कुजते. बोलपट आल्यावर मूकपट कुणालाच नकोसे झाले. चांदीसाठी रिळं वितळवली गेली. ते सगळीकडेच. पण पिकेटचा चित्रपट काळ्या प्रेक्षकांसाठी काढलेला, छोट्या कंपनीचा. तो जपावा असं ज्यांच्या हातात पैसा होता त्यांना वाटलंच नाही. याला अक्कल नाही म्हणत नाहीत, दादा. कोण महत्त्वाचं, ते आधीच ठरलेलं असतं.

आपल्याकडे पी. के. नायरांनी फाळक्यांची रिळं शोधून पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात आणली, तेही मी त्याला लिहिलं. इथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं हरवलेल्या मूकपटांची यादी केली आहे, हे मात्र लिहिलं नाही. त्याचाच मुद्दा पक्का झाला असता.

आणखी एक लिहिलं नाही. कोल्हापुरात खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून मी शाळेची सगळी वर्षं गेले. तो कुणासाठी उभा आहे, हे एकदाही विचारलं नाही. बाबूरावांबद्दल पहिल्यांदा नीट वाचलं ते इथं, पिकेटची माहिती शोधताना. मुलीला बोलीला नेऊन आणलं. कोल्हापूरला नेऊन तो स्तंभ दाखवणं अजून झालेलं नाही.

वादाच्या शेवटी मी रागातच लिहिलं, ‘आमच्याकडेही खूप काही हरवलंय.’

दादाचं लगेच उत्तर आलं, ‘आमच्याकडे म्हणजे कुठं?’

शनिवार होता, इथं वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा तपासायचा दिवस. बाराचा भोंगा वाजून गेला, तरी मी काही लिहिलं नव्हतं.