‘पाण्याचा काही प्रश्न नाही’ म्हणणाऱ्यांनो, बास झालं आता

गेल्या रविवारची गोष्ट. सकाळचे साडेअकरा झाले असतील. आमच्या गेटवर एक जोडपं उभं होतं, तिशीच्या आतलं, कडेवर लहान मुलगी. शेजारच्या प्लॉटवर आमच्याच बिल्डरची फेज टू चालू आहे, तिथला सॅम्पल फ्लॅट बघून आले होते. त्या मुलीच्या आईने आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांना विचारलं, "काका, इथे पाणी कसं आहे हो?" आणि हा माणूस, जो त्याच दिवशी सकाळी सात वाजता माझ्या शेजारी उभा राहून टँकरवाल्याशी भांडत होता, तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "पाण्याचा काही प्रश्न नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

काही प्रश्न नाही? आमचे 144 फ्लॅट आहेत. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी रोज 135 लिटर. घरात चार माणसं धरा, रोजचं जवळजवळ 78 हजार लिटर होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे आठ टँकर. टँकर आम्हाला 1,200 ला पडतो. महिन्याचे 2 लाख 88 हजार, घरटी 2,000 रुपये. एप्रिल-मे आला की तोच टँकर 1,800 वर जातो आणि घरटी 3,000 होतात. हे सगळं मेंटेनन्सच्या वर आणि हप्त्याच्या वर. कर्ज देताना बँकेने माझ्या पगाराची चिरफाड केली, पण हा खर्च कुणी मांडला नाही, कारण तो आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

पैशाचं सोडा. माझी आई 74 वर्षांची आहे. माण तालुक्यातली, दुष्काळी भागातली. अख्खं तरुणपण डोक्यावर हंडा घेऊन गेलं तिचं. पोराने पुण्यात फ्लॅट घेतला म्हणून कोण आनंद झाला होता. आज तिने बाल्कनीत दोन पिंपं आणि सात कळशा भरून ठेवल्यात, वर ताटल्या झाकल्यात, आणि रात्री दोनला उठून नळ सोडून बघते. 62 लाखांच्या घरात. मला ते बघवत नाही. टँकर आला नाही की बोअरचं पाणी सोडतात, त्यात डाळ शिजत नाही, नळाच्या तोंडाला बोटभर पांढरा थर चढतो, गिझरची कॉइल दोन वर्षांत दोनदा जळाली.

आणि टँकरमध्ये येतं ते पाणी कुठल्या विहिरीचं, कुठल्या ओढ्याजवळचं, कुणी बघतंय का? 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले, तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला. चार दिवस सगळे उकळून प्यायले. नंतर पुन्हा होतं तेच.

आमचा भाग पुणे महापालिकेत आला. 2017 ला 11 गावं घेतली, 2021 ला आणखी 23. हद्द वाढली, मिळकतकराचं बिल घरपोच आलं, जलवाहिनी काही आली नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारही धरणं मिळून 29 टीएमसीच्या आसपास साठा, दर पावसाळ्यात धरण भरल्याचे फोटो प्रत्येक ग्रुपवर फिरतात. त्यातलं पाणी आमच्या टाकीत पडायचं असेल तर रस्त्याखाली पाइप लागतो ना? तो नसताना चौदा-चौदा, वीस-वीस मजल्यांना परवानग्या कुणी दिल्या?

याचं उत्तर ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी जेवलो नाही. परवानगी घेताना बिल्डर महापालिकेला हमीपत्र लिहून देतो. तुमचं पाणी येईपर्यंत रहिवाशांना पाणी मी पुरवीन, खर्च माझा. असा कागद आमच्याही बिल्डरने दिलाय, आम्ही तो माहितीच्या अधिकारात काढला. आणि आमच्या करारनाम्यात त्याच माणसाने काय छापलंय? ‘महापालिकेचा पाणीपुरवठा उपलब्धतेनुसार असेल व टँकरचा खर्च सदनिकाधारक सोसतील.’ महापालिकेला एक लिहून द्यायचं आणि आमच्याकडून बरोब्बर उलट सही घ्यायची! याला फसवणूक नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

सही कशी घेतात तेही सांगतो. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बाहेरच्या पॅसेजमध्ये गर्दी, वकिलाचा पोरगा हातात सव्वाशे पानांचा गठ्ठा घेऊन उभा, प्रत्येक पानावर पिवळी चिकटपट्टी. "सर इथे सही. मॅडम इथे. इथे. इथे अंगठा. लवकर, आपला नंबर लागतोय." मी एका पानावर थांबलो तर म्हणाला, "सर, स्टँडर्ड आहे सगळं." मागे लोक ताटकळलेले, मलाच लाज वाटली, मी पुढे गेलो. ते पान नेमकं पाण्याचं होतं. सात टक्क्यांनी 4 लाख 34 हजार मुद्रांक शुल्क, 30 हजार नोंदणी, पाच टक्के जीएसटीचे 3 लाख 10 हजार. पावणेआठ लाख सरकारला मोजले, आणि ज्या कागदासाठी मोजले तो वाचायला दहा मिनिटं मिळाली नाहीत.

म्हणून घर बघत फिरणाऱ्यांनो, हात जोडून सांगतो, करारनाम्याचा मसुदा आठ दिवस आधी मागून घ्या. देत नसेल तर तिथून उठा. रजिस्टर्ड करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त एक रुपया घ्यायचा त्याला हक्क नाही, घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केलेल्या 2016 च्या रेरा कायद्याच्या तेराव्या कलमात स्पष्ट आहे. ‘ऑफर रविवारपर्यंतच आहे’ म्हणून घाबरवतात, घाबरू नका. मसुद्यात आधी ‘पाणी’ शब्द शोधा. ते टँकरचं वाक्य सापडलं की हमीपत्राची प्रत मागा आणि वाक्य खोडून घ्या. नाही म्हणाला तर पुढे काय होणार ते तिथेच कळलं. महारेराच्या, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून मंजुऱ्या बघा, जाहिरातीवर आता क्यूआर कोड असतो, मोबाइलवर दोन मिनिटांत उघडतो. आणि माहितीपत्रक फेकू नका! आमच्यात निम्म्यांनी ते रद्दीत घातलं. त्यात ‘24 तास पाणी’ छापलेलं असेल तर रेराच्याच बाराव्या कलमाखाली खोट्या जाहिरातीची भरपाई मागता येते, पण पुरावा तर हवा हातात.

सॅम्पल फ्लॅट बघायला संध्याकाळी एसी लावून बोलावतात, जाऊ नका. मे महिन्यात सकाळी साडेसहाला जा आणि शेजारच्या सोसायटीच्या गेटसमोर तासभर उभे राहा. टँकर मोजा. वॉचमनला विचारा, धुणंभांड्याच्या मावशींना विचारा, त्या खरं सांगतात. जुना फ्लॅट घेत असाल तर मालकाच्या गोड बोलण्यावर जाऊ नका, सोसायटीचा गेल्या वर्षीचा ताळेबंद मागा आणि टँकरच्या खर्चाच्या ओळीवर बोट ठेवा.

आणि ‘फर्निचर करायला घ्या’ म्हणून भोगवटा प्रमाणपत्राआधी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला मिळण्याआधी चावी देतात ना, ती घेऊ नका. आम्ही घेतली. भाडं आणि हप्ता दोन्ही भरून जीव मेटाकुटीला आला होता, म्हणून घेतली. चावी घेतली आणि त्याच दिवशी आमचा आवाज गेला. ज्याचे सगळे पैसे हातात आले, घरात माणसं राहायला गेली, तो कशाला फोन उचलेल? 1963 च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या जुन्या फ्लॅट कायद्यापासून हे असं ताबा देणं चुकीचंच आहे, तरी राजरोस चालतं.

दोन वर्षांच्या मेंटेनन्सचे आगाऊ पैसे घेतले होते आमच्याकडून. त्याच पैशातून टँकर आणले, म्हणजे हमीपत्र त्याचं आणि बिल आमच्या खिशातून. हिशेब मागितला तर एक पान दिलं, ‘पाणी व इतर’ म्हणून एकच आकडा. किती टँकर, कुठल्या दिवशी, कुणाचे, काही नाही. त्या पैशाचा वेगळा हिशेब ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. तीन पत्रं दिली. तिसरं रजिस्टर्ड पोस्टाने. पोचपावती आली, उत्तर नाही.

बिल्डरचा राग येतोच, पण त्या रविवारी मला आमचाच राग जास्त आला. हा धंदा आमच्या गप्प बसण्यावर चालतो. फेज टू मध्ये आणखी दोनशे फ्लॅट येणार, त्याच रस्त्यावर, त्याच चार बोअरवर, त्याच टँकरवर. आज आठ लागतात, उद्या आम्हाला तेवढेही मिळणार नाहीत. आणि आम्ही खोटं का बोलतोय? तर आपल्या फ्लॅटचा भाव पडू नये!

मी त्या जोडप्याला थांबवलं. सगळं सांगितलं. आठ टँकर, दोन हजार, तीन हजार, हमीपत्र, करारातलं वाक्य. मोबाइलमधला टँकरच्या चलनांचा फोटो दाखवला. त्या बाईचा नवरा म्हणाला, "टोकन देऊन आलोय काका, एक लाख." तिचा चेहरा बघवला नाही मला. म्हटलं, अजून करार झालेला नाही, आजच्या आज लेखी पत्र देऊन टोकन परत माग, ईमेलही कर, तोंडी बोलू नकोस.

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज पडला. ‘काही सभासद बाहेरच्यांना चुकीची माहिती देऊन सर्वांचं नुकसान करत आहेत.’ खाली अकरा जणांचे अंगठे. त्यातले सात जण सकाळी पार्किंगमध्ये बादल्या घेऊन उभे होते, मी नावानिशी ओळखतो.

चुकीची माहिती काय दिली ते एकाने सांगावं. टँकरची चलनं माझ्याकडे आहेत, गेल्या सोळा महिन्यांची, तारखेनिशी. पुढच्या रविवारी मी ती घेऊन गेटवर बसणार आहे, दहा ते एक. ज्यांना फ्लॅटचा भाव सांभाळायचाय त्यांनी येऊन माझ्यासमोर त्या पोरांना सांगावं, पाण्याचा काही प्रश्न नाही म्हणून.