पाच डिस्कांचं बिऱ्हाड

आमच्या घरी एक सर्व्हर आहे. चारचौघांत हे वाक्य टाकलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गारठलेली खोली, लुकलुकणारे दिवे आणि काचेआड उभा असलेला एखादा गंभीर तज्ज्ञ येत असावा. प्रत्यक्षात तो एक म्हातारा कॉम्प्युटर आहे. टेबलाखाली असतो आणि पाय पसरून बसणाऱ्याच्या अंगठ्याला लागतो. त्याच्या पोटात पाच हार्ड डिस्क आहेत. त्या पाचजणींत मिळून आमचे सगळे फोटो, मुलीचं रांगण्यापासून रुसण्यापर्यंतचं चित्रण, स्कॅन केलेले कागद आणि ‘कधीतरी निवांत बघू’ म्हणून साठवलेलं बरंच काही आहे.

पाचजणींचा आपसांतला करार मोठा समजूतदार आहे. माहिती अशी वाटून ठेवलेली, की कुठलीही एक गेली तर उरलेल्या चौघी हिशेब मांडून तिच्याकडचं सगळं पुन्हा उभं करतात. एकाच वेळी दोघी गेल्या तर मात्र कारभार आटोपला. या व्यवस्थेला रेड म्हणतात. १९८८ साली बर्कलीच्या तिघा संशोधकांनी ही कल्पना मांडली तेव्हा रेडच्या लांबलचक नावात ‘स्वस्त’ असा एक शब्द होता. पुढे धंद्यातल्या लोकांनी तो गुपचूप काढून तिथे ‘स्वतंत्र’ घातला. माझा खर्चाचा अनुभव पाहता त्यांनी योग्य तेच केलं.

तर एका रात्री पाचांतली एक टक्‌-टक्‌ करायला लागली. मी मशीन बंद केलं, कॅबिनेट आडवं पाडलं, झाकण उघडलं, आजारी डिस्क ओढून काढली, नवी बसवली, मशीन चालू केलं. पडद्यावर आलं की दोन डिस्क गायब आहेत. पुढचा दीड तास मी कसा काढला ते मला आठवत नाही. बायकोला आठवतं, कारण मी दर दहा मिनिटांनी तिला ‘काही झालेलं नाही’ असं सांगत होतो. शेवटी कळलं, की आजारी डिस्क काढताना माझ्या कोपराने शेजारणीची केबल अर्धवट उपसली होती. ती दाबली आणि पाचही जणी काहीच न झाल्यासारख्या हजर झाल्या.

त्याच रात्री मी ठरवलं: आता हॉट-स्वॅप एन्क्लोजर. म्हणजे कॅबिनेटच्या पुढच्या तोंडात बसणारा एक डबा. डिस्का खणांसारख्या समोरून आत-बाहेर होतात, तेही मशीन चालू असताना. मी हे उत्साहाने बायकोला सांगितलं.

‘‘डिस्क बदलताना सर्व्हर बंद केला तर काय होतं?’’ तिने विचारलं.

‘‘बंद राहतो. दहा-पंधरा मिनिटं.’’

‘‘मग?’’

या ‘मग’ला मी उत्तर दिलं नाही. पुढचे तीन महिने मी एन्क्लोजर शोधण्यात इतका गढून गेलो, की उत्तर द्यायला सवडच झाली नाही.

पहिली अडचण जागेची. एन्क्लोजर बसतं कॅबिनेटच्या सव्वापाच इंची कप्प्यात. सव्वापाच इंची फ्लॉपी १९७६ साली आली. ती गेली, तिच्या जागी सीडी आली, तीही गेली, पण भिंतीतल्या बुजवलेल्या कोनाड्यासारखी ती चौकट जुन्या कॅबिनेटांत अजून आहे. नव्या कॅबिनेटांना पुढे नुसती काच असते; आतले पंखे रंगीत उजेड पाडतात आणि डिस्क ठेवायला जागा विचाराल तर नाही. माझं कॅबिनेट जुनं आणि त्याला असे तीन कप्पे, हे आजवर लाजिरवाणं वाटायचं. आता मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते अभिमानाने दाखवू लागलो.

मापं घ्यायला बसलो तेव्हा लक्षात आलं की या क्षेत्रात कुणीच खरं बोलत नाही. सव्वापाच इंची म्हणवणारा कप्पा पावणेसहा इंच रुंद निघाला आणि साडेतीन इंची म्हणवणारी डिस्क चांगली चार इंच. दोन्ही नावं ज्या फ्लॉप्यांवरून पडली त्या मेल्या. जमिनीच्या उताऱ्यावर पणजोबांचं नाव राहावं तसं हे चाललंय.

मिलिमीटरमध्ये मांडलं तर चित्र असं. एक कप्पा सुमारे ४१ उंच, म्हणजे तीन मिळून १२४; रुंदी १४६. डिस्क २६ जाड. दोन कप्प्यांत तीन डिस्का आडव्या बसवायच्या तर ८२ मध्ये ७८ जातात, आणि उरलेल्या चारात पत्रा, खण आणि हवा यांनी आपसांत काय ते ठरवायचं. तीन कप्प्यांत चार आडव्या बसवल्या की २० मिलिमीटर मोकळे राहतात. हा सज्जनांचा मार्ग. तीन कप्प्यांत पाच बसवायच्या तर त्यांना कुशीवर उभं करावं लागतं: १४६ मध्ये १३०, वर डब्याच्या दोन भिंती. दोघींच्या मध्ये नख जेमतेम सरकेल एवढी फट. माझ्या डिस्का पाच. सज्जनांचा मार्ग आपोआप बंद झाला.

आता फटीतून हवा खेळवायची तर मागे पंखा हवा, आणि इथे खरी मेख आहे. पंखा आणि डिस्का यांच्या मध्ये बॅकप्लेन नावाची सर्किटची पाटी असते. डिस्का तिच्यात खोचतात, केबली मागून लागतात. पाटीला भोकं असतील तर पंखा हवा ओढणार. नसतील तर नुसता ओरडणार. म्हणून डबा घेताना पुढचा चकचकीत दरवाजा बघू नये, पाठीमागचा फोटो मागावा. हे शहाणपण मला तिसऱ्या महिन्यात आलं. तोवर मी दरवाजेच बघत होतो. एका डब्याला तर प्रत्येक खणाला कुलूप होतं. किल्ली मिळायच्या आधी मी ते स्क्रू ड्रायव्हरने उघडून पाहिलं. लगेच उघडलं.

खणवाला डबा घ्यावा की बिनखणाचा, यावर तर मी एका मित्राशी जवळजवळ भांडलो. खणवाल्यात डिस्क आधी ट्रेमध्ये चार स्क्रूंनी आवळायची, म्हणजे पाच डिस्कांचे वीस स्क्रू. शिवाय काही मोठ्या डिस्कांना कडेचं मधलं भोकच ठेवलेलं नसतं, त्यामुळे जुन्या ट्रेचं भोक एकीकडे आणि डिस्कचं दुसरीकडे. बिनखणाच्या डब्यात डिस्क तशीच आत सरकवायची आणि दार लावायचं. मित्राचं म्हणणं, ट्रे असला की डिस्क हलत नाही. माझं म्हणणं, स्क्रू असला की तो पडतो, आणि पडला की मदरबोर्डखालीच जातो. मी बिनखणाचा घेतला.

पाच डिस्कांची यूएसबीवाली सुटी पेटीही मिळते. कॅबिनेटला हात लावावा लागत नाही. पण पाचजणींचा भार एका केबलवर. त्या केबलला शिंक आली की पाचही एकदम घराबाहेर, आणि रेडला वाटतं घरावर दरोडा पडला. नको. आणि सॅटा, म्हणजे माझ्याकडे आहे तशी घरगुती जोडणीची डिस्क, एसएएस या मोठ्या सर्व्हरांच्या जोडणीच्या बॅकप्लेनमध्ये बसते, उलटं होत नाही, एवढं एकच वाक्य त्या विषयावर पुरे.

डबा आला. कप्प्यात घातला. चार बोटं आत गेला आणि अडला.

जुन्या कॅबिनेटच्या कप्प्यांत दोन्ही बाजूंना पत्र्याच्या छोट्या जिभा असतात. एकेका सीडी ड्राइव्हला टेकू म्हणून कुणीतरी भल्या मनाने ठेवलेल्या. तीन कप्प्यांचा सलग डबा घालायचा तर या जिभा आडव्या येतात. त्यांबद्दल तीन महिन्यांत मला कुणीही एक अवाक्षर सांगितलं नव्हतं. मी ८२ की १२४, आडव्या की उभ्या, बॅकप्लेनला किती भोकं याचा अभ्यास करत होतो, आणि घोडं अडलं ते करंगळीच्या नखाएवढ्या पत्र्याशी. पक्कड आणली. चार जिभा वाकल्या, पाचवी तुटली, सहावीने मला कापलं. शेवटी कानस घेतली. कॅबिनेटमध्ये लोखंडाचा कीस पडू नये म्हणून सगळं बाहेर काढावं लागलं. म्हणजे मशीन न उघडता डिस्क बदलता यावी यासाठी मी मशीन इतकं उघडलं, की शेवटी हातात नुसता रिकामा पत्रा राहिला.

विजेचं थोडक्यात सांगतो. डिस्क फिरायला लागते त्या क्षणी १२ व्होल्टवर साधारण दोन अँपियर ओढते. पाच एकदम उठल्या की दहा. त्यामुळे डब्याला मागे जेवढी पॉवरची तोंडं दिली आहेत तेवढी सगळी वेगवेगळ्या वायरींनी भरावीत. एका स्वस्त जोडणीवर पाचजणींना लोंबकळवू नये, ती वितळते. आणि बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगांत, जाऊन डिस्कच्या प्रत्येक पोर्टला हॉट-प्लगची परवानगी द्यावी लागते. माझ्याकडे ती बंद होती. हॉट-स्वॅपचा डबा घेऊन हॉट-स्वॅप न करणारं मशीन मी दोन दिवस कौतुकाने बघत होतो.

मग आवाज. पंखा ८० मिलिमीटरचा. छोट्या पंख्याला मोठ्याइतकी हवा हलवायची तर जास्त गरगरावं लागतं, आणि त्याचा सूर मोठ्या पंख्यासारखा घुमत नाही, कानात घुसतो. मी शांत पंखा आणून बसवला. तो इतका सावकाश फिरे, की डब्याला वाटलं पंखा मेला, आणि त्याने आतला बझर वाजवायला सुरुवात केली. रात्री अडीच वाजता. बझर बंद करायचं बटण होतं, पण दार उघडल्याशिवाय दिसत नव्हतं. आता मधल्या वेगाचा तिसरा पंखा आहे. डिस्का ४० अंशांच्या आसपास असतात, बझर गप्प असतो, घरचेही.

शेवटचं काम मी मन लावून केलं. प्रत्येक दारावर त्या डिस्कच्या सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवले. कारण सॉफ्टवेअर शून्यापासून मोजतं, डब्यावर एकपासून छापलेलं असतं, आणि माणूस घाबरला की उजवीकडून मोजतो.

आठ महिने सुखात गेले. मग एका संध्याकाळी तिसरीचे सेक्टर खराब होऊ लागल्याची सूचना आली. मला मनातून आनंद झाला हे कबूल करतो. नवी डिस्क तयारच होती. मी डब्यापुढे मांडी घालून बसलो. सॅटाची रचना मला पाठ होती: डिस्क आत सरकताना ग्राउंडची लांब टोकं आधी टेकतात, वीज मग येते, त्यामुळे ठिणगी नाही, धक्का नाही. बॅकप्लेनचा सांधा ५०० वेळा काढ-घाल सहन करेल अशा बेताने बनवलेला असतो, हेही ठाऊक होतं. चार वर्षांत एक डिस्क धरली तर २००० वर्षांची निश्चिंती. आकडे जुळवले. परत जुळवले. दाराच्या खटक्यावर बोट ठेवलं. आत पाचांवरचे हिरवे दिवे लुकलुकत होते, मुलगी पहिल्यांदा रांगली ते त्यांतल्याच कुठल्यातरी चौघींत होतं, आणि चारांतला शेवटचा आकडा ६ आहे की ८ ते मला चष्मा लावूनही नीट दिसेना.

मी उठलो आणि मशीन बंद केलं.

डिस्क काढली, नवी सरकवली, दार लावलं, मशीन चालू केलं. दारात बायको उभी होती.

‘‘बंद केलास?’’

‘‘हो.’’

‘‘दहा-पंधरा मिनिटं?’’

‘‘छे,’’ मी म्हणालो, ‘‘या डब्यामुळे चारच लागली.’’